शिळा बोलू लागल्या

इ. स. १८३२ सालची गोष्ट. पुण्याच्या लष्करी छावणीतून बावीस वर्षांचा एक इंग्रज स्वार पनवेलच्या रोखाने भरधाव निघाला. त्या काळी आगगाडी नव्हती. मुंबईस जाणारा प्रवासी बोरघाट उतरून पनवेलला येई आणि तेथून जलमार्गाने मुंबई गाठी. पुणे ते पनवेल हे अंतर सुमारे ७२ मैलांचे. ते अत्यंत थोड्या वेळात तोडून दाखविण्याची पैज या तरुणाने घेतली होती. वाटेत ठिकठिकाणी ताज्या दमाचे घोडे तयार ठेवले होते. दमलेल्या घोड्यावरून उतरावे, दुसऱ्यावर मांड टाकावी आणि पुन्हा टाच मारावी, असे करीत तो अवघ्या तीन तास सात मिनिटांत पनवेलला पोहोचला. छावणीत त्याच्या नावाचा एकच गाजावाजा झाला.

त्याच्या वाटेवर डाव्या हातास लोहगड आणि विसापूर हे किल्ले उभे होते. त्यांच्यापलीकडे पवनमावळ आणि मुळशीचे खोरे पसरले होते. उजव्या हातास कार्ल्याचा डोंगर होता. त्या डोंगरातील लेण्याच्या खांबांवर दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. परंतु ती वाचणारा कोणी उरला नव्हता. पुढे पाच वर्षांनी, १८३७ मध्ये, कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. घोड्यावरून वाऱ्यासारख्या जाणाऱ्या त्या तरुणाच्या मनात मात्र त्या दिवशी पैजेवाचून दुसरा विचार नसावा. अशाच मुक्या अक्षरांपुढे आपणास पुढे वर्षानुवर्षे थांबावे लागणार आहे, याची त्याला कल्पना नव्हती. त्याचे नाव हेन्री क्रेस्विक रॉलिन्सन.

रॉलिन्सनचा जन्म १८१० मध्ये इंग्लंडमधील चॅडलिंग्टन या गावी झाला. त्याचे वडील शर्यतीच्या घोड्यांची पैदास करीत, त्यामुळे घोडदौडीचे बाळकडू त्याला घरीच मिळाले. सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील फौजेत भरती होऊन तो हिंदुस्थानास निघाला. त्याच जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम हे होते. माल्कम यांनी इराणचा इतिहास लिहिला होता. चार महिन्यांच्या त्या सागरप्रवासात त्यांच्या तोंडून इराणच्या प्राचीन राजांच्या कथा ऐकताना या खेळकर मुलाच्या मनात पूर्वेकडील भाषांविषयी ओढ निर्माण झाली. मुंबईस उतरल्यावर त्याने हिंदुस्थानी आणि फारसी या भाषांचा अभ्यास नेटाने केला. शिकार, शर्यती आणि मैदानी खेळ यांत तो सर्वांच्या पुढे असे. परंतु त्यातून उरलेला वेळ तो पुस्तकांना देई. थोड्याच वर्षांत तो आपल्या पलटणीचा दुभाषी झाला.

१८३३ मध्ये इराणच्या शहाच्या फौजेला कवायत शिकविण्यासाठी काही अधिकारी पाठविण्यात आले. फारसी उत्तम येत असल्यामुळे त्यांत रॉलिन्सनची निवड झाली. १८३५ मध्ये त्याची नेमणूक पश्चिम इराणमधील कर्मानशाह या शहरी झाली. या शहरापासून सुमारे वीस मैलांवर बेहिस्तूनचा प्रचंड कडा आहे. बॅबिलोनकडून इराणच्या पठाराकडे जाणारा फार जुना व्यापारी मार्ग त्याच्या पायथ्यावरून जातो. मैदानापासून सुमारे तीनशे फूट उंचीवर, सरळ तुटलेल्या पाषाणावर, एक भव्य शिल्पपट कोरलेला आहे. हातात धनुष्य घेतलेला एक राजा तेथे उभा आहे. त्याच्या पायाखाली एक शत्रू पडला आहे आणि समोर नऊ बंदिवान गळ्यात दोर बांधलेल्या स्थितीत रांगेने उभे आहेत. त्यांच्याभोवती शेकडो ओळींचा मजकूर कोरलेला आहे. शतकानुशतके काफिले त्याच्या खालून गेले; परंतु तो राजा कोण आणि तो काय सांगतो आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. युरोपातील प्रवाशांपैकी कोणास ते ख्रिस्ताचे शिष्य वाटले, तर कोणास इस्राएलचे कैदी.

तेथील अक्षरे मोठी विलक्षण होती. खिळ्याच्या किंवा पाचरीच्या आकाराच्या लहानमोठ्या रेघा उभ्या, आडव्या व तिरप्या मांडून एकेक अक्षर झालेले होते. म्हणून या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात. तिचा जन्म टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधील प्रदेशात झाला. त्या देशात दगड थोडा आणि चिखलमाती उदंड. तेथील लोक ओल्या मातीच्या लहान विटेवर बोरूचे टोक दाबून लिहीत. टोक दाबले की पाचरीसारखा ठसा उमटे. सुमेरी, बॅबिलोनी, ॲसिरियन अशा अनेकांनी ही लिपी सुमारे तीन हजार वर्षे वापरली. पुढे ती मागे पडली आणि तिचा शेवटचा जाणकारही काळाच्या पडद्याआड गेला.

या लिपीकडे युरोपचे लक्ष वेधणाऱ्यांत कार्स्टेन नीबूर हा प्रवासी प्रमुख होता. त्याच्या प्रवासाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. त्याच्या मंडळीतील इतर सर्वजण वाटेत आणि मुंबईत आजारांनी मरण पावले. एकटा उरलेला नीबूर मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करून पुढे इराणात गेला आणि १७६५ मध्ये पर्सेपोलिस येथील शिलालेखांच्या त्याने काळजीपूर्वक नकला केल्या. त्या नकलांचा आधार घेऊन ग्रोटेफेंड नावाच्या जर्मन शाळामास्तराने १८०२ मध्ये काही अक्षरे ओळखली. परंतु त्याच्या शोधाकडे विद्वानांनी फारसे लक्ष दिले नाही आणि कर्मानशाहला असलेल्या रॉलिन्सनपर्यंतही त्याची तपशीलवार माहिती पोहोचलेली नव्हती.

रॉलिन्सनने प्रथम हमदान शहराजवळ एकमेकांशेजारी कोरलेले दोन लहान लेख घेतले. दोन्ही लेख जवळजवळ सारखे होते. फरक होता तो काही शब्दांत. ते शब्द राजांची नावे असणार, असा त्याने तर्क केला. पहिल्या लेखात जो राजा होता, तोच दुसऱ्यात पिता म्हणून आला होता. म्हणजे आजोबा, बाप आणि मुलगा अशी तीन पिढ्यांची नावे हाती लागली. ग्रीक इतिहासकारांनी दिलेल्या इराणी राजांच्या वंशावळीत विश्तास्प, त्याचा पुत्र दरायस आणि दरायसचा पुत्र झर्कसीझ ही नावे त्याने लावून पाहिली. ती बरोबर जुळली! नावांवरून अक्षरे कळली, अक्षरांवरून शब्द कळू लागले. ती प्राचीन फारसी भाषा संस्कृतची जवळची बहीण होती. विश्तास्प या नावातील अस्प म्हणजे आपल्या संस्कृतमधील अश्व. घोड्यांवर जीव टाकणाऱ्या रॉलिन्सनला पुढे अवेस्ता आणि संस्कृत यांच्या अभ्यासाचा या कामी फार उपयोग झाला.

परंतु एवढ्याशा लेखांनी सारी लिपी उलगडणे शक्य नव्हते. त्यासाठी बेहिस्तूनचा मोठा लेखच हवा होता. तो लेख तीन भाषांत होता. प्राचीन फारसीत ४१४ ओळी, एलामी भाषेत ५९३ ओळी आणि बॅबिलोनी भाषेत ११२ ओळी. तिन्हींत आशय एकच. एक भाषा वाचता आली, तर तिच्या आधाराने उरलेल्या दोन भाषांचीही कुलुपे उघडली असती.

रॉलिन्सन त्या कड्यावर वारंवार चढू लागला. लेखाच्या खाली जेमतेम दीड-दोन फूट रुंदीची कपार होती. तीवर शिडी उभी करावयाची, तिच्या अगदी वरच्या पायरीवर उभे राहावयाचे, डावा हात खडकाला टेकवून त्याच हातात वही धरावयाची आणि उजव्या हाताने अक्षरे उतरवून घ्यावयाची. पाय घसरला तर खाली खोल दरी. एकदा कपारीतील तुटलेली जागा ओलांडताना आडवी टाकलेली शिडीच निखळली. तिचा एक बाजूचा दांडा त्याच्या हातात राहिला आणि तो अधांतरी लोंबकळू लागला. सोबत्यांच्या मदतीने तो कसाबसा परतला. तरी काम सोडून देण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

मध्यंतरी अफगाण युद्ध सुरू झाले. त्याला कंदाहारला जावे लागले आणि लिपीचा अभ्यास काही वर्षे बंद पडला. युद्ध संपल्यावर त्याला मोठ्या अधिकाराच्या जागा मिळू शकत होत्या. परंतु त्याने बगदाद येथील राजकीय प्रतिनिधीचे पद पत्करले, कारण तेथून बेहिस्तून जवळ होते. १८४३ पासून तो तेथे राहू लागला. बगदादचा उन्हाळा अतिशय कडक. टायग्रिसच्या काठी बागेत त्याने एक मंडप उभारला होता. नदीच्या प्रवाहाने फिरणारे एक चाक त्या मंडपाच्या छपरावर सतत पाणी सोडी आणि त्या गारव्यात बसून तो तासन् तास अक्षरे लावीत असे. १८४४ मध्ये त्याने बेहिस्तूनच्या पहिल्या दोन लेखांच्या संपूर्ण नकला केल्या आणि १८४६ पासून फारसी लेख भाषांतरासह प्रसिद्ध होऊ लागला. इराणचा सम्राट दरायस याने राज्यारोहणानंतर उठलेली बंडे कशी मोडली, याची ती हकीगत होती. बंड करणाऱ्यांत बॅबिलोनचाही समावेश होता.

तिसरा, बॅबिलोनी भाषेतील लेख अद्याप हाती आलेला नव्हता. तो पुढे झुकलेल्या एका खडकावर होता आणि तेथे शिडी लावण्यास जागाच नव्हती. डोंगरात शेळ्या राखणारे लोकही तेथे जाण्यास धजावत नव्हते. १८४७ मध्ये एक कुर्द मुलगा पुढे आला. मुळशी-मावळच्या कड्यांवरील आग्या मोहोळांचा मध काढण्यासाठी दोरावरून उतरणारी माणसे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्या मुलाच्या धाडसाची कल्पना येईल. त्याने एका फटीत लाकडी खुंटी ठोकून तिला दोर बांधला. त्या दोराने झोका घेऊन पलीकडची फट गाठण्याचा प्रयत्न केला, परंतु पुढे आलेला खडक आड आला. तेव्हा हातापायांची बोटे खडकाच्या बारीक उंचवट्यांत रोवीत तो जवळजवळ गुळगुळीत अशा उभ्या भिंतीवरून वीसेक फूट आडवा सरकत गेला आणि पलीकडे दुसरी खुंटी ठोकली. दोन्ही खुंट्यांना दोर बांधून त्याने एक झुलती बैठक तयार केली. तिच्यावर बसून, रॉलिन्सन सांगेल त्याप्रमाणे, त्याने अक्षरांवर ओले कागद दाबून त्यांचे ठसे घेतले. बॅबिलोनी भाषेच्या कुलुपाची किल्ली अशा रीतीने हाती आली. रॉलिन्सनने त्याला भरघोस बक्षीस देऊ केले होते आणि ही सारी हकीगत लिहूनही ठेवली. परंतु त्या मुलाचे नाव मात्र त्याने नोंदविले नाही.

ही किल्ली अगदी योग्य वेळी मिळाली. त्याच सुमारास टायग्रिसच्या काठी हेन्री लेयार्ड हा संशोधक मातीच्या प्रचंड टेकाडांत उत्खनन करीत होता. मुळशीच्या धरणाखाली गेलेल्या गावांची नावे त्या भागातील वडीलधारी माणसे आजही सांगतात. पण या टेकाडांखाली दडलेल्या राजवाड्यांविषयी तेथे शेळ्यामेंढ्या चारणाऱ्यांना काहीच सांगता येत नव्हते. अडीच हजार वर्षांच्या काळाने राजे आणि त्यांचे वैभव यांची आठवणच पुसून टाकली होती. निमरूद आणि निनेव्हे येथे जे सापडले, ते पाहून जग थक्क झाले.

ॲसिरियन राजांचे महाल कच्च्या विटांचे होते. परंतु भिंतींच्या खालच्या भागावर आतून कोरीव पाषाणपट बसविलेले असत. युद्धे, वेढे, शिकार, नजराणे घेऊन येणारे मांडलिक, नदी पोहून जाणारे सैनिक असे अनेक प्रसंग त्यांवर कोरलेले होते. दरवाजांवर मनुष्याचे मुख, बैलाचे अथवा सिंहाचे शरीर आणि गरुडाचे पंख असलेले अजस्र द्वारपाल उभे असत. शिल्पकाराने त्यांना चतुराईने पाच पाय दिले होते. समोरून पाहावे तर मूर्ती स्थिर उभी दिसे आणि बाजूने पाहावे तर ती चालू लागल्यासारखी वाटे. निनेव्हेच्या असुरबानिपाल राजाच्या महालातील सिंहाच्या शिकारीचे पट तर जगातील उत्तम शिल्पांत गणले जातात. ते होर्मुझ्द रस्साम या मोसुलच्याच रहिवाशाने १८५३ मध्ये शोधून काढले. बाणांनी विद्ध होऊन मागचे पाय लुळे पडलेली, तरीही पुढच्या पायांवर उठून गर्जना करणारी सिंहीण त्यांत आहे. राजाचा पराक्रम दाखविण्यासाठी कोरलेल्या त्या शिल्पात आज पाहणाऱ्याचे मन त्या मुक्या प्राण्याच्या वेदनेनेच हेलावते.

असुरबानिपालचे आणखी एक मोठे धन निनेव्हेत सापडले, ते म्हणजे त्याचा ग्रंथसंग्रह. मातीच्या विटांवर लिहिलेले सुमारे ३०,००० लेख आणि तुकडे तेथे मिळाले. इ. स. पूर्व ६१२ मध्ये शत्रूंनी निनेव्हे जाळले, तेव्हा आगीत यांतील अनेक विटा भाजून अधिकच टणक झाल्या. कागदाची पुस्तके असती, तर राख झाली असती. मातीची पुस्तके मात्र आगीने टिकविली.

एवढा मजकूर हाती आला, परंतु तो वाचणे सोपे नव्हते. प्राचीन फारसीत अक्षरचिन्हे सुमारे चाळीस; बॅबिलोनीत ती शेकडो. एकाच चिन्हाचे अनेक उच्चार होत. एखादे चिन्ह कधी उच्चार दाखवी, तर कधी संपूर्ण शब्द. हे कोडे रॉलिन्सनने एकट्याने सोडविले नाही. आयर्लंडमधील एडवर्ड हिंक्स या धर्मोपदेशकाने आपल्या खेड्यात बसून, बेहिस्तून कधीही न पाहता, या लिपीतील अनेक महत्त्वाची रहस्ये उलगडली. रॉलिन्सनच्या स्वभावातील एक उणीव येथे दिसून येते. शर्यतीत पहिला येण्याची सवय झालेल्या या पुरुषाला दुसऱ्याचा पहिला क्रमांक मान्य करणे जड जाई. हिंक्सला त्याचे श्रेय त्याने मोकळ्या मनाने दिले नाही. आजचे अभ्यासक मात्र दोघांचीही थोरवी सारखीच मानतात.

लिपी खरोखर उलगडली आहे काय, याविषयी अनेकांना शंका होती. एकाच चिन्हाचे इतके उच्चार असतील, तर वाचणारा मनास येईल तो अर्थ लावू शकेल, असे त्यांना वाटे. म्हणून १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एक परीक्षा घेतली. तिग्लथपिलेसर या ॲसिरियन राजाचा नुकताच मिळालेला लेख रॉलिन्सन, हिंक्स, ओपर्ट आणि टॅल्बट या चौघांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे भाषांतरित केला. मोहोरबंद पाकिटे उघडून पंचांनी भाषांतरे ताडून पाहिली. त्यांतील मुख्य आशय सारखाच होता. ॲसिरिया आणि बॅबिलोन यांचा मुका इतिहास आता बोलू लागला होता.

यापूर्वीच, १८५४ मध्ये, रॉलिन्सनने बॅबिलोनजवळच्या बोर्सिप्पा येथील मनोऱ्याचे संशोधन केले होते. बॅबिलोनी लोक पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत जाणारे उंच मंदिर-मनोरे बांधीत. बांधकामाच्या कोपऱ्यात राजे आपला लेख पुरून ठेवतात, हे वाचनावरून त्याला समजले होते. त्याने कोपऱ्यातील विटा काढावयास सांगितल्या आणि खरोखरच तेथून नेबुकदनेझर राजाचा मातीचा नळकांड्यासारखा लेख निघाला. वाचलेल्या अक्षरांनी पुरलेल्या वस्तूचा ठावठिकाणा दाखवावा, हा मोठा आनंदाचा क्षण होता.

१८५५ मध्ये घोड्यावरून पडून जखमी झाल्यानंतर रॉलिन्सन मायदेशी परतला. पुढे त्याला सरदारकी, पार्लमेंटची जागा आणि अनेक मान मिळाले. परंतु विटांवरील लेखांचा व्यासंग त्याने सोडला नाही. १८६१ ते १८८४ या काळात त्याच्या देखरेखीखाली कीलाकार लेखांचे पाच मोठे खंड प्रसिद्ध झाले. नोटांचे ठसे कोरण्याचे काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथ या गरीब तरुणाची बुद्धी त्याने हेरली आणि त्याला या कामात घेतले. याच स्मिथने १८७२ मध्ये निनेव्हेच्या विटांत जलप्रलयाची कथा शोधून काढली. मनू आणि मत्स्य यांच्या कथेची आठवण करून देणारी ती कथा वाचून साऱ्या जगाला नवल वाटले. ५ मार्च १८९५ रोजी लंडन येथे रॉलिन्सनचे निधन झाले.

रॉलिन्सन परकीय सत्तेचा अधिकारी होता आणि त्या सत्तेच्या बळावरच इराकच्या भूमीतील पुष्कळ शिल्पे परदेशी गेली, ही गोष्ट विसरता येत नाही. लेयार्डच्या काही पेट्या बसऱ्याहून मुंबई बंदरात आल्या आणि तेथून इंग्लंडला गेल्या. निमरूदचे काही पाषाणपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. जे निमरूदमध्येच उरले होते, त्यांपैकी पुष्कळ २०१५ मध्ये अतिरेक्यांनी सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. बेहिस्तूनच्या लेखात दरायसने पुढील पिढ्यांना, हे शिल्प मोडू नका, त्याचे जतन करा, अशा आशयाची विनंती केली आहे. ती विनंती जगाला वाचता आली. पण ती सर्वांनी पाळली नाही.

निमरूदच्या पाषाणपटांवर मूर्तीच्या अंगावरूनच अक्षरांच्या ओळी कोरत नेलेल्या असतात. त्या ओळींत आज अर्थ दिसतो, त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. एकट्या उरलेल्या प्रवाशाने केलेल्या नकला, शाळामास्तराचा तर्क, खेड्यातील धर्मोपदेशकाची बुद्धी आणि तीन तासांत पनवेल गाठणाऱ्या स्वाराने एका कड्यापाशी धरलेला बारा वर्षांचा धीर. त्यांच्या जोडीला, ज्याचे नाव कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही, त्या कुर्द मुलाच्या बोटांचे बळही आहे.